दुधाचं गाणं

ता. ४ ऑगस्ट

चि. बारक्यास ताईचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र उभ्याने वाचू नकोस. आधी खुर्ची ओढ, नीट बस आणि मग पुढे वाच. आपले चौघे येताहेत! तेच ते, ज्यांच्यापायी तू लहानपणी डबे बडवून सगळ्या आळीची दुपारची झोप उडवली होतीस. नदीपलीकडच्या मोठ्या मैदानावर, नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारी, संध्याकाळी. चौकातल्या भिंतीवर घराएवढं पोस्टर लागलंय. तिघांचे केस पांढरे झालेत, आणि ड्रमवाल्याला तर पांढरे व्हायलाही काही उरलेलं नाही. तरी मी त्यांना लांबूनच ओळखलं.

पेपरात आलंय की गायकाला विमानाची भयंकर भीती. म्हणून इतक्या वर्षांत ही मंडळी स्वतःच्या देशाबाहेर पडलीच नाहीत. जगभर लोकांनी यांच्या तबकड्या झिजवल्या आणि हे आपले घरकोंबडे. आता कुठे बोटीने यायचं ठरलंय, आणि परक्या देशातला त्यांचा पहिलाच कार्यक्रम आपल्या गावात होतोय. वाट वाकडी करून दारात आल्यासारखंच झालं की नाही?

बातमी कळली तेव्हा मी कामावर होते. एका आजोबांची वरची कवळी हातात होती आणि मेणात शेवटची दाढ बसवत होते. शेजारच्या बाईने पेपर वाचून दाखवला आणि माझी दाढ गालाकडे तोंड करून बसली. ती काढून पुन्हा बसवली. मग जेवायच्या सुटीत जाऊन रांगेत उभी राहिले आणि तीन तिकिटं काढली. एक माझं, एक तुझं. तिसरं का काढलं ते मलाही सांगता येणार नाही. आपली जिन्यातली शपथ आठवते ना? त्यांना पहिल्यांदा बघायचं ते दोघांनी मिळूनच, आणि जो एकटा जाईल त्याच्या जिभेला फोड येईल. शपथ तूच घातली होतीस, तेव्हा आता रजेचं बघ.

बाबांना सांगितलं. ते डोळ्याला भिंग लावून कुणाच्या तरी घड्याळात डोकं घालून बसले होते. अजून जिवंत आहेत का ते, एवढंच विचारलं आणि पुन्हा घड्याळात शिरले. पण रात्री जेवताना मध्येच म्हणाले की ते दुधाचं गाणं म्हणतील का. माझा घास हातातच राहिला. आई गेल्यापासून त्यांनी त्या गाण्याचं नाव काढलेलं मी ऐकलं नव्हतं.

फोन करू नकोस, पत्रच लिही. बाबांचं मत तुला ठाऊकच आहे. फोनवर माणूस बरं आहे एवढंच सांगतो, आणि बरं नसेल तेव्हाच फोन करतो. फोन वाजला की अजून त्यांचा चेहरा उतरतो.

सरकारांना, म्हणजे तुझ्या बायकोला, माझे आशीर्वाद सांग. उलट्या थांबल्या का? लोभ आहेच, तो आळशीपणा न करता उलट टपाली पाठव.

तुझी,
ताई


ता. २१ ऑगस्ट

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र खुर्चीत बसून नाही, लिफ्टच्या टपावर बसून वाचलं. आमच्या इस्पितळाची मोठी लिफ्ट आहे ना, रुग्णांच्या खाटा नेण्याची, तिच्या दोरांना वंगण द्यायचं काम चाललं होतं. मी असा काही ओरडलो की खाली माझ्या जोडीदाराला वाटलं, माझा हात सापडला. तो धावत सगळे जिने चढून आला. त्याला कारण सांगितलं तर त्याने कपाळावर हात मारला.

त्याचंही बरोबर आहे. मी राहतो यांच्याच शहरात. ज्या थिएटरात हे चौघे दरवर्षी वाजवतात त्याच्या समोरच्या फुटपाथने मी रोज कामावर जातो. जोडीदाराने कितीदा तिकीट देऊ केलं, आणि मी दर वेळी सांगत आलो की मला बहिणीबरोबर जायचंय. बहीण कुठे असते तर समुद्रापलीकडे. इथले लोक मला अर्धवट समजतात. आता हे नशीब बघ ताई. मी त्यांच्या गावात आलो आणि ते माझ्या गावात चालले.

मला येता यायचं नाही. डॉक्टरांनी बाळाची जी तारीख दिली आहे ती नेमकी त्याच आठवड्यातली. सरकार म्हणतात की खुशाल जा, मी काही पहिली बाई नाही बाळंत होणारी. पण म्हणताना तिने माझी बाही पकडून ठेवली होती. तेव्हा शपथेतून मी तुला मोकळं करतो. तुझ्या जिभेला फोड यायचा नाही. तू जा, आणि जमलं तर बाबांना घेऊन जा.

आता एक मागणं आहे, ते नीट ऐक. मला ती कॅसेट पाठव.

तुला आई आठवते. तिचं चालणं, रागावणं, सगळं तुझ्याकडे आहे. मी तेव्हा चार वर्षांचा. मला तिचा चेहरा आठवतो असं वाटतं, पण तो भिंतीवरच्या फोटोतला असतो. खरा आठवतो तो फक्त आवाज, आणि तोही त्या कॅसेटमुळे. रेडिओसमोर माइक धरून आपण गाणं भरून घेतलं, मध्ये सगळी वाद्यं थांबतात, एकच तार वाजते, आणि बरोबर त्या जागी आई आतून म्हणते, अहो, दुधाकडे बघताय ना? मग तो फस्स आवाज आणि लगेच ड्रम. बाबा दुकानात गेले की तू मला ती लावून द्यायचीस. कितीतरी दिवस मला वाटायचं की ते गाणं मुळातच तसं आहे. इथे आल्यावर रेडिओवर पहिल्यांदा ऐकलं आणि मध्ये आई आलीच नाही, तेव्हा मी लिफ्टच्या खोलीत बसून रडलो होतो. हे तुला आज सांगतोय.

माझ्या बाळाने आपल्या आजीचा आवाज ऐकावा एवढीच माझी इच्छा आहे. जगात तेवढंच एक वाक्य शिल्लक आहे तिचं. इथे एकजण जुन्या फितींवरून चांगली प्रत काढून देतो. फीत जुनी झाली आहे, तेव्हा घरी लावून बघू नका. तशीच गुंडाळून पाठव.

बाबांना शि. सा. न. तुझ्या मायेची सवय आहे, ती मोडू देऊ नकोस.

तुझा,
बारक्या


ता. ९ सप्टेंबर

चि. बारक्यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी जेवणानंतर बाबांना वाचून दाखवलं. ते मी करायला नको होतं असं आता वाटतं, पण मग आणखी काय केलं असतं? कॅसेट त्यांच्या कपाटात होती. त्यांनी ऐकून घेतलं, बघू म्हणाले आणि उठून खाली दुकानात गेले.

पुढचे दोन दिवस मी रोज मागायची आणि ते रोज देतो म्हणायचे. तिसऱ्या दिवशी कामावरून आले तर दुकानाची फळी अर्धी लावलेली. आत दिवा होता. बाबा बाकावर बसले होते आणि समोर, जिथे ते घड्याळ उघडून ठेवतात त्या पांढऱ्या कागदावर, कॅसेट उघडून ठेवलेली होती. स्क्रू एका बाजूला मांडलेले, चाकं एका बाजूला. सगळं त्यांच्या पद्धतीने अगदी व्यवस्थित.

बारक्या, मी सांगते ते रागावून वाचू नकोस. पाठवण्याआधी नीट चालते ना, हे बघायला त्यांनी ती लावली. चाक कुरकुरत होतं. कुरकुरणाऱ्या चाकाला बाबा काय करणार? त्यांनी जन्मभर जे केलं तेच केलं. घड्याळाचं तेल घातलं. तेल फितीवर पसरलं आणि आवाज बुडून बोलल्यासारखा यायला लागला. मग तेल काढायला हवं म्हणून त्यांनी फीत सोडवून घेतली आणि घड्याळाचे सुटे भाग धुतात तशी वाटीतल्या पेट्रोलमध्ये धुतली. सगळी धुतली, हळुवार हाताने, एक सुरकुती पडू न देता. घड्याळ धुतल्यावर जसं लख्ख होतं तशी ती फीतही लख्ख झाली. तिच्यातून पलीकडचं दिसायला लागलं. वाटीत तपकिरी पाणी उरलं होतं.

मी खूप बोलले त्यांना. नको नको ते बोलले. ते फक्त विचारत राहिले की हे परत बसवता येईल का. मी वाटी ओतून टाकायला उचलली आणि मला धीर झाला नाही. आईचं ते वाक्य त्या पाण्यात आहे असं उगीच वाटलं. अजून ती वाटी बाकाखाली झाकून ठेवली आहे. वेडेपणा आहे, पण आहे.

तुला कसं सांगू हे ठरवण्यात आठवडा गेला. शेवटी सरळच लिहिलं. बाबांनी दुकान उघडलेलं नाही. लोक घड्याळं मागायला येतात आणि मी जिन्यातून सांगते की बरं नाही.

तुझा राग माझ्यावर काढ. मला चालेल. पण पत्र लिही.

तुझी,
ताई


ता. २ ऑक्टोबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र मिळालं.

घरी लावून बघू नका एवढं एकच सांगितलं होतं. ज्या माणसाने ती कॅसेट इतकी वर्षं कपाटात कोंडून ठेवली, जवळ असून कधी ऐकली नाही, त्याला ती धुवायला मात्र हात लावता आला. आईने विचारलं तेव्हाही त्यांनी उत्तर दिलं नव्हतं. लहानपणी आपण त्यावर हसायचो. मला आता हसू येत नाही.

बाबांना मी वेगळं पत्र लिहीत नाही. तिकिटं कुणाला तरी देऊन टाक.

सरकारांची तब्येत ठीक आहे. पाय सुजतात. मी नसताना जड उचलते, सांगून ऐकत नाही.

तुझ्यावर राग नाही.

बारक्या


ता. १७ ऑक्टोबर

चि. बारक्यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी बाबांना वाचून दाखवलं नाही. पण ते टेबलावर राहिलं आणि त्यांनी वाचलं. वाचून घडी घालून परत जागेवर ठेवलं, घडीवर घडी अशी नेमकी की मला कळूच नये. मला कळलं, कारण चष्मा त्याच्यावर राहिला होता.

आता तू शांतपणे ऐक, कारण मी तुझी मोठी बहीण आहे आणि तुझं नाक मी पुसलेलं आहे. त्या दिवशी तू टेबलाखाली बसला होतास, तोंडावर हात दाबून. मी वहीत गाण्याचे शब्द उतरवून घेत होते आणि एकही धड कळत नव्हता. माइक बाबांनी धरला होता. घरात न थरथरणारा हात तेवढा एकच. आवाज करायचा नाही म्हणून त्यांनी आपल्या दोघांना ओठांवर बोट ठेवून दाखवलं होतं, आणि ते बोट गाणं संपेपर्यंत त्यांनी स्वतःच्या ओठांवरून काढलं नाही. आई गच्चीवर कपडे वाळत घालत होती, तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. दूध चुलीवर आणि भिस्त बाबांवर. ती खाली आली आणि आतल्या खोलीतूनच तिने विचारलं. बाबांना ऐकू गेलं होतं रे. ते आपल्यासाठी गप्प बसले. आपलं गाणं खराब होऊ नये म्हणून.

नंतर आईने त्यांना फैलावर घेतलं ते मला आठवतं. सगळी चूल भिजली होती. बाबा हसत होते आणि तीही शेवटी हसली. त्याच थंडीत ती आजारी पडली, आणि पुढचं तुला ठाऊक आहे.

परवा दुकानात दिवा दिसला म्हणून चहा घेऊन खाली गेले, तेव्हा बाबा पहिल्यांदा त्याबद्दल बोलले. म्हणाले की ती कॅसेट मी कशी ऐकणार? ती विचारते आणि मी गप्प. दर वेळी ती विचारणार आणि दर वेळी मी गप्पच बसणार. एवढंच बोलले आणि पेला उचलला. मी तिथे बसले नाही, वर येऊन पदर तोंडाला लावून रडले.

कॅसेट गेल्याचं दुःख मलाही आहे. मी तुला खोटं सांत्वन देणार नाही, ती गेली ती गेली. पण त्यांनी ती तुझ्या बाळासाठी नीट करायला घेतली होती. त्यांना जे येतं त्यातलं सगळ्यात चांगलं त्यांनी तिला दिलं, आणि नेमकं तेच तिला मानवलं नाही.

तिकिटं मी कुणालाही दिलेली नाहीत. आणि ऐक, काल बाबांनी आपण होऊन विचारलं की मैदानावर बसायला मिळतं का. त्यांनी तो जुना टेपरेकॉर्डर काढलाय. माइकची वायर तुटली होती ती जोडली. रात्री मला दाखवून म्हणाले, नवीन कोरी कॅसेट आण. मी तेलाची बाटली आधी माझ्याकडे मागितली. त्यांनी मुकाट्याने दिली.

सरकारांना जड उचलू देऊ नकोस. बादली लपवून ठेव. तुझ्या दोन ओळींचीसुद्धा इथे वाट बघितली जाते, हे विसरू नकोस.

तुझी,
ताई


ता. १५ नोव्हेंबर

चि. बारक्यास अनेक अनेक आशीर्वाद.

जाऊन आलो. माझा घसा बसलाय, पाय सुजलेत, आणि आज एका बाईच्या कवळीत मी डावा सुळा उजवीकडे बसवला. सगळं सांगते, क्रमाने सांगते.

बाबांनी कोट घातला. गळ्यात मफलर, कानात कापसाचे बोळे, एका हातात घडीचं स्टूल आणि दुसऱ्या हातात टेपरेकॉर्डरची पिशवी. फाटकावर मोठी पाटी होती की कॅमेरे आणि टेपरेकॉर्डर आत नेण्यास मनाई आहे. मी घाबरले. पहाऱ्यावरच्या माणसाने पिशवीत हात घातला, विटेएवढा रेकॉर्डर वर काढला आणि हे काय म्हणून विचारलं. आपल्या बाबांनी, ज्यांनी जन्मात कुणाला घड्याळ दोन मिनिटं पुढे आहे असंही खोटं सांगितलं नाही, त्यांनी चेहरा न हलवता सांगितलं की हे माझं ऐकायचं यंत्र आहे. कानात कापूस होताच. त्या बिचाऱ्याने यंत्र अदबीने परत ठेवलं आणि जपून चाला आजोबा, असं त्यांच्या कानाशी इतक्या जोरात ओरडला की मैदानात शिरेपर्यंत बाबा कान चोळत होते.

आमच्या चहूबाजूंना पोरंपोरी. निळे केस केलेल्या एका मुलीने बाबांचं स्टूल उघडून दिलं आणि पुढच्या उंच मुलांना खाली बसायला लावलं. तिसरं तिकीट मी पर्समध्येच ठेवलं होतं. आमच्या शेजारी एक जागा रिकामी राहिली, तिथे मी माझी शाल ठेवली.

मग ते आले. गायक पुढे आला आणि नुसता उभा राहिला. पहिल्या गाण्याची ओळ त्याने चुकवली, दुसऱ्यांदा सुरू केली तर आवाज फाटला. मला तर रडायला आलं. इतकी वर्षं वाट बघायची आणि हे? बाबा म्हणाले की घाबरलाय बिचारा, पहिल्यांदा घर सोडून आलाय, थांब जरा. आणि खरंच, गायकाने वाद्यं थांबवली आणि माइकवर मोडकंतोडकं काहीतरी बोलला. त्या निळ्या केसांच्या मुलीने मला समजावून सांगितलं. तो म्हणाला की खरी भीती त्याला विमानाची नव्हतीच, लांब कुठे गेलो आणि तिथे आपलं गाणं कुणालाच येत नसलं तर काय, याची होती. त्यावर सगळं मैदान त्याच्याशिवायच गायला लागलं. मीही गायले. शब्द सगळे चुकीचे, त्या वहीतले. गायकाने तोंड दुसरीकडे वळवून बाहीने डोळे पुसले आणि त्यानंतर तो माणूस असा गायला की विचारू नकोस. बाबांचं लक्ष ड्रमवाल्याकडे. त्याचा हात त्यांना पसंत पडला. वेळेला पक्का आहे, असं दोनदा म्हणाले. तुझ्या डबे बडवण्याबद्दल त्यांनी असं कधी म्हटलं नव्हतं.

दुधाचं गाणं शेवटी आलं. पहिली तार वाजली आणि बाबांनी कानातले बोळे काढले. पिशवीतून माइक काढला, बटण दाबलं, माइक वर धरला आणि माझ्याकडे वळून ओठांवर बोट ठेवलं. अगदी तसंच, रे. मी मान हलवली. मला वाटलं मी तेरा वर्षांची आहे आणि तू टेबलाखाली आहेस.

मग ती जागा आली. सगळी वाद्यं थांबली. एकच तार वाजली.

बारक्या, मला आजवर कल्पनाच नव्हती की त्या जागी इतकी शांतता आहे. आपण ती कधी ऐकलीच नाही ना. एवढं माणसांनी भरलेलं मैदान आणि कुणी श्वास घेत नव्हतं. आणि माझं तोंड उघडलं. मी ठरवलं नव्हतं, देवाशपथ. अहो, दुधाकडे बघताय ना, असं मी मोठ्याने म्हणाले. इतकी वर्षं ते गाणं लागलं की मी ते मनात म्हणतेच, तसंच आईच्या सुरात, तो शेवटचा ना वर उचलून. म्हटलं आणि जीभ चावली. गाणं खराब केलं मी.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. बोट ओठांवरच होतं. ते त्यांनी काढलं, आणि बाहेरच्या खोलीतून आतल्या माणसाला ऐकू जावं अशा मोठ्या आवाजात म्हणाले, बघतो गं, बघतो.

पुढची पोरं वळून बघायला लागली. तेवढ्यात ड्रम सुरू झाले आणि कुणाला काही ऐकू येईना. माइक धरलेला बाबांचा हात थरथरत होता. तो हात थरथरताना मी पहिल्यांदा पाहिला. मी खालून माझा हात लावला आणि गाणं संपेपर्यंत आम्ही दोघांनी मिळून तो धरला. ते रडत होते आणि मीही रडत होते, आणि ती निळ्या केसांची मुलगी काही न विचारता आमच्याबरोबर रडायला लागली.

घरी आल्यावर कोटही न काढता बाबांनी दूध तापत ठेवलं आणि ते वर येईपर्यंत तिथून हलले नाहीत. आज सकाळी दुकान उघडलं. ती वाटी त्यांनीच बाकाखालून काढली आणि मागच्या झाडाच्या बुंध्याशी ओतली. पेट्रोल झाडाला बरं नसतं हे मी म्हणणार होते, पण नाही म्हटलं.

कॅसेट सोबत पाठवते आहे. आम्ही ती ऐकलेली नाही. बाबा म्हणाले की बारक्याने आधी ऐकावी. तिला तेल घातलेलं नाही, पार्सल शिवेपर्यंत मी पहारा दिलाय. आईचा आवाज मी परत आणू शकले नाही, पण जे आहे ते हे आहे. गोड मानून घे.

तारीख उलटून चालली की रे. काही कळव. आमचा जीव त्या पार्सलाच्या मागून तिकडे निघालाय.

तुझी,
ताई


ता. ८ डिसेंबर

तीर्थस्वरूप बाबांस, बालकाचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र तुम्हाला आहे. ताईला वाचायला द्या, पण आधी तुम्ही वाचा.

त्या दिवशीच्या फोनबद्दल माफ करा. बातमी इतकी चांगली होती की पत्राला थांबवेना. ताईने नंतर सांगितलं की घंटा वाजल्यावर तुम्ही फोनकडे बघतच राहिलात आणि तो तिच्या हातात दिलात. आता विश्वास बसला असेल की फोनवर कधीकधी चांगलंही येतं. तुमची नात उत्तम आहे. नाक ताईचं आहे, त्याला इलाज नाही. बोटं लांब आहेत आणि झोपेतसुद्धा हलत नाहीत, ती तुमची. सरकार बऱ्या आहेत, पाचव्या दिवशीच बादली उचलायला निघाल्या होत्या.

दोन महिने मी तुम्हाला लिहिलं नाही. कामात होतो असं लिहिणार होतो, पण तो राग होता बाबा. तुम्ही उत्तर दिलं नाही याचा राग मला चार वर्षांचा असल्यापासून असावा, आणि मला तो ठाऊक नव्हता. टेबलाखाली बसून मी तोंड दाबून वाट बघत होतो की आता बाबा काहीतरी म्हणतील. दर वेळी ताई कॅसेट लावायची आणि दर वेळी मी तीच वाट बघायचो.

पार्सल नात घरी आली त्याच दिवशी मिळालं. दोघी झोपल्यावर मी आवाज बारीक करून लावलं. आधी तुमचा श्वास ऐकू येतो, मग गर्दी, मग गाणं. ती जागा आली आणि मी चटकन बटण दाबून टेप थांबवला. मला वाटलं जुनी कॅसेट कशी काय आली. बाबा, ताईचा आवाज म्हणजे आईचा आवाज आहे. इतकी वर्षं तो आपल्या घरात होता, आणि आमच्या ते लक्षात आलं नाही, कारण ताई बोलते ते रागावायलाच बोलते असं मी धरून चाललो होतो. तिला हे सांगा, म्हणजे ती पुन्हा रागावेल.

मग मी पुढे लावलं आणि तुम्ही म्हणालात, बघतो गं, बघतो. त्यानंतरचं गाणं मला काही आठवत नाही. कॅसेट संपून बटण वर आलं तरी मी तसाच बसलो होतो.

नातीला दुसऱ्या दिवशी ऐकवलं. त्या जागी तिने जांभई दिली, याहून जास्त काही केलं नाही. पण ती हेच ऐकत मोठी होणार. तिला वाटणार की हे गाणं मुळातच असं आहे, मध्ये एक बाई विचारते आणि एक माणूस उत्तर देतो. पुढे कधी इथल्या रेडिओवर ऐकेल आणि विचारेल की यांनी आपले आजोबा का काढून टाकले. तेव्हा मी तिला सगळं सांगेन, पेट्रोलसकट.

आणखी एक सांगायचं राहिलं. काल मी पुन्हा कॅसेट लावून बसलो होतो. चुलीवर दूध होतं आणि ते माझ्यावर सोपवून सरकार आत बाळाला घेऊन गेल्या होत्या. माझं सगळं लक्ष गाण्यात. ती जागा यायची होती, अजून तार वाजायची होती, आणि आतून हाक आली की अहो, दुधाकडे बघताय ना. तिच्या मनात यातलं काही आलंही नसेल, तिला खरंच दुधाची काळजी होती. मी जागचा उठायच्या आधी ओरडलो, बघतो गं, बघतो.

दूध गेलंच, बाबा. सगळी चूल भिजली. पण उत्तर दिलं.

ताईला साष्टांग नमस्कार. तिसरं तिकीट तिने जपून ठेवावं. उन्हाळ्यात आम्ही तिघं येतो आहोत, तोवर तुमची माया इकडे अशीच वाहती राहू द्या.

तुमचा,
बारक्या